मिटलेल्या डोळ्यांचा कौल

गाद्यांच्या दुकानावरच्या त्या सभागृहात खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या, तरी माणसे येतच होती. काही जिन्यावर थांबली होती, काही खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसली होती, आणि उरलेली, खालून वर आणून प्लास्टिकच्या वेष्टनात उभ्या केलेल्या गाद्यांना टेकली होती. प्रत्येकाच्या हातात फोन होता. समोरच्या भिंतीवर एक मोठा टीव्ही होता आणि त्यावर एक गोल चित्र. त्या गोलात माझा थोरला भाऊ होता. त्याला जाऊन वर्ष होत आले होते.

व्यासपीठावरच्या गृहस्थाने डोळे मिटले, हात वर केला, समोरच्या पोथीवजा टॅबलेटवर क्षणभर मान झुकवली आणि पुन्हा हात वर केला. गोलातला माझा भाऊ आतापर्यंत डावीकडे पाहत होता. तो एकाएकी समोर पाहू लागला, आणि त्याच्या गालाशी उजव्या हाताचा पंजा उघडा उभा राहिला.

सभागृहातून एक दीर्घ उसासा गेला. मग खरा सोहळा सुरू झाला. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंच्या फोनवर, माझ्या भावाने त्यांना कधीकाळी पाठवलेल्या ईमेलच्या शेजारी, तोच पंजा उमटला. त्यांनी फोन डोक्याला लावला. मग मधल्या रांगेत एकाला दिसले, मग खिडकीतल्या दोघांना. मागे उभ्या असलेल्या एका न्हाव्याला काही केले तरी जुनेच चित्र दिसत होते. गेल्या महिन्याभरात आपण कोणाचे वाईट चिंतले, हे तो बिचारा प्रामाणिकपणे आठवू लागला. माझ्या फोनवर तर दोन चित्रांपूर्वीचा भाऊ होता. शेजारच्या निवृत्त कारकुनाने तो पाहिला आणि आपली खुर्ची माझ्यापासून जराशी दूर सरकवली.

मृतात्मे आणि त्यांचे दलाल हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. देवळात, दरबारात आणि राजवाड्याच्या तळघरात बोलणाऱ्या मूर्ती होत्या, रडणाऱ्या होत्या, डोळे फिरवणाऱ्या होत्या. जिथे जिथे कोणी मूर्तीच्या मागे जाऊन पाहिले तिथे तिथे नळी, स्पंज किंवा दोरी सापडली. मागे जाऊन पाहणारा मात्र शतकातून एखादाच निघाला. त्या संध्याकाळी मी हसू शकलो असतो. हसलो नाही, कारण पहिल्या रांगेत माझ्या वहिनी हात जोडून बसल्या होत्या आणि त्यांच्या डाव्या स्तनात गाठ होती.

गाठ सापडली तेव्हा डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितले होते की शस्त्रक्रिया करावी लागेल, लवकर केली तर छोटी होईल, आणि उशीर हा या दुखण्याचा एकमेव मित्र आहे. वहिनी म्हणाल्या, "यांना विचारते." डॉक्टरबाईंना वाटले, यजमान बाहेर थांबले असतील.

विचारणे या सभागृहात झाले. मध्यस्थाने (त्या गृहस्थाला सगळे याच नावाने ओळखत, आणि जिवंत व मृत यांच्या दोन्ही बाजूंनी दलाली खाणाऱ्याला याहून नेमके नाव मलाही सुचत नाही) प्रश्न मोठ्याने उच्चारला. गोलातला चेहरा बदलला. माझ्या भावाने डोळे मिटले होते. मध्यस्थ हळुवारपणे म्हणाला, "ते पाहू इच्छित नाहीत." वहिनींनी रुग्णालयात फोन करून तारीख रद्द केली.

मध्यस्थाला नकारच का सुचला, याचे उत्तर वैद्यकात शोधू नये. होकार मिळालेली बाई रुग्णालयात जाते आणि तिथून घरी जाते. नकार मिळालेली बाई पुढच्या सभेला येते.

हे सारे सुरू कसे झाले ते सांगतो. माझा भाऊ फोटोवाला होता. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचा स्टुडिओ होता, एका खुर्चीचा आणि उजेडाच्या दोन छत्र्यांचा. पासपोर्ट, ओळखपत्र, नोकरीचा अर्ज, जे काही माणसाला आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला लागते, त्यावरचा चेहरा तो काढून देई. अर्ध्या गावाला त्याने फोटो ईमेलने पाठवलेले होते, म्हणून अर्ध्या गावाच्या फोनमध्ये त्याच्या नावाशेजारी त्याचा गोल चेहरा होता. स्वभावाने तो एकखात्याचा माणूस. स्टुडिओचा संगणक, वहिनींचा टॅबलेट, मुलीचा लॅपटॉप, घरातला टीव्ही, सगळीकडे त्याचे एकच खाते उघडलेले असे. "एक किल्ली, सगळी कुलपं," असे तो अभिमानाने सांगे. किल्ली एकच असली की चोराचेही काम हलके होते, हे त्याला कोणी सांगितले नाही.

तो गेल्यावर वहिनी दुःखितांच्या एका बैठकीला गेल्या. तिथे मध्यस्थाने त्यांचा हात हातात घेतला आणि भावाचा फोन एका रात्रीपुरता मागितला, निरोपाच्या विधीसाठी. दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष तो फोन बंद करून काचेच्या बरणीत ठेवण्यात आला. झाकणावर लाख ओतली गेली. बरणी सभागृहातल्या फळीवर गेली, आणि तिच्या शेजारी हळूहळू इतर घरांतल्या बरण्या जमल्या. आणि मग, फोन बरणीत बंद असताना, वहिनींच्या टॅबलेटवरचा भावाचा फोटो बदलला.

मध्यस्थाची प्रवचने मी तीनदा ऐकली, आणि एखादा जंतू भिंगाखाली ठेवावा तशी ती इथे ठेवतो. "देह ही पहिली प्रोफाइल. ती डिलीट होते. पण आत्मा कधी लॉग आउट होत नाही." यावर टाळ्या. "फोन बंद आहे. लाख तुमच्या डोळ्यांसमोर ओतली. मग चित्र कोण बदलतं?" यावर शांतता, आणि शांततेतून हुंदके. "आत्म्यालाही प्रवासाला वेळ लागतो. तो आधी स्वच्छ मनाकडे जातो, मग इतरांकडे." यावर प्रत्येक जण आपला फोन तपासू लागे. चित्रे गोलच का दिसतात, असे कोणीतरी एकदा विचारले. मध्यस्थाने उत्तर दिले की ते तेजोवलय आहे. ज्या कंपनीने जगातल्या झाडून सगळ्या माणसांचे, कुत्र्यांचे आणि साबणाच्या दुकानांचे चेहरे गोल कापले आहेत, तिने त्या सर्वांना एका फटक्यात संतपद दिले आहे, हे तिला अजून कळलेले नसावे.

मी वहिनींशी वाद घातला. तो वाद नव्हता, व्याख्यान होते, आणि व्याख्यानाने आजवर कोणाचा नवरा परत गेलेला नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "भावोजी, तुम्हाला पुस्तकांत दिसतं. मला ते दिसतात." पुतणीकडे वळलो. ती दुसऱ्या शहरात शिक्षिका आहे, आईच्या गाठीचे कळल्यापासून रजा काढून आली होती. मला वाटले होते, ती तरी माझ्या बाजूची असेल. ती म्हणाली, "काका, मला माहितीय हे खरं नाही. पण सकाळी लॅपटॉप उघडला की बाबा नवे दिसतात. पाच मिनिटं मी काही विचारत नाही." त्या पाच मिनिटांवर मध्यस्थाचा सगळा धंदा उभा होता.

दोरीचे पहिले टोक डॉक्टरबाईंनी दाखवले. वहिनींना मी आणि पुतणीने कसेबसे त्यांच्याकडे नेले होते. वहिनींनी संकोच न करता सगळे सांगितले: फोटो कसा बदलतो, आधी टॅबलेटवर येतो, मग स्टुडिओत, मग लेकीकडे, जणू ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालत जातात. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. त्यांनी आपला फोन टेबलावर ठेवला. त्यावर त्यांच्या खात्याचा फोटो होता, चष्मा लावलेला. मग त्यांनी टेबलावरच्या संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. तिथे त्याच खात्यावर त्या बिनचष्म्याच्या होत्या.

"फोटो मी परवा बदलला," त्या म्हणाल्या. "फोनवर लगेच आला. इथे अजून जुनाच आहे. रिसेप्शनच्या संगणकावर तर मी अजून लांब केसांची आहे. आणि मावशी, मी जिवंत आहे."

वहिनींनी मान डोलावली, पण पटून नव्हे. तारीख घ्यायची का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की शनिवारच्या सभेत एकदा शेवटचे विचारते. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत शस्त्रक्रियेचा आकार वाढत चाललेला मला दिसला.

घरी येऊन पुतणीने माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. फोटो बरणीतल्या फोनमध्ये नसतो, हे एवढे एक वाक्य डोक्यात शिरले की बाकीचे आपोआप उलगडते. चित्र असते खात्यात, आणि खाते असते दूरच्या कोणत्यातरी इमारतीतल्या संगणकावर. फोन, टॅबलेट, टीव्ही या त्याच्या खिडक्या. एक खिडकी लाखेने बुजवली म्हणून घर बंद होत नाही. मध्यस्थाकडे फोन एक रात्र होता. भावाच्या फोनचा पिन वहिनींनीच विश्वासाने सांगितला होता. त्या रात्री त्याने आपल्या टॅबलेटवर तेच खाते उघडून घेतले, एवढाच निरोपाचा विधी. आणि विलंबाचे म्हणाल तर प्रत्येक यंत्र पूर्वी पाहिलेले चित्र जवळ साठवून ठेवते, दर वेळी नवे मागत बसत नाही. कोणाचे आज ताजे होते, कोणाचे परवा. न्हाव्याचे मन निर्मळ होते, फोन जुना होता.

"पण हे फोटो आले कुठून?" मी विचारले. "आपण कोणी हे पाहिलेले नाहीत." गावाचाही हाच बिनतोड मुद्दा होता. जे चेहरे घरच्यांनीही कधी पाहिले नाहीत, ते पलीकडूनच येत असणार.

पुतणीने खात्यातला फोटोंचा साठा उघडला. ती खाली सरकवत गेली, आणि माझा भाऊ पडद्यावरून वाहत राहिला: शेकडो, हजारो वेळा, त्याच खुर्चीत, त्याच राखाडी पडद्यापुढे. डावीकडे पाहणारा, उजवीकडे पाहणारा, जांभई देणारा. स्वतःचा एकही धड फोटो नसलेला फोटोवाला, असे आम्ही त्याला चिडवत असू.

"उजेड बघायचे ते," पुतणी म्हणाली, आणि तिचा आवाज जरा बदलला. "गिऱ्हाईक बसायच्या आधी स्वतः बसायचे. हा पंजा बघ. आशीर्वाद नाही हा. कातडीवर उजेड किती पडतो ते बघायला हात गालाशी धरायचे."

सभागृहाने ज्या पंज्यापुढे माथा टेकला होता, तो प्रकाशमापनाचा पंजा होता.

मग आम्ही एक चूक केली. प्रयोग म्हणून पुतणीने त्या दुपारी खात्याचा फोटो बदलला आणि त्या साठ्यातलेच एक चित्र लावले: रंग तपासायला फोटोवाले धरतात ते नुसते राखाडी कार्ड. चेहरा नाही, हात नाही. मला वाटले, संध्याकाळपर्यंत गावाचे डोळे उघडतील. संध्याकाळी दूधवाल्याने भारावून सांगितले की आज ते निर्गुणात विलीन झाले. मध्यस्थाने तसे जाहीर केले होते. मध्यस्थाला हे चित्र आपण लावलेले नाही, हे पक्के ठाऊक होते. घाबरायला हवे होते, पण त्याने एका तासात त्यालाही तत्त्वज्ञान फासले. त्या क्षणी माझा त्याच्याबद्दलचा उपहास संपला आणि निखळ संताप उरला. तो भोळा नव्हता. तो भोळा असेल, हा मी त्याला दिलेला संशयाचा शेवटचा फायदा त्याने स्वतःच्या हाताने परत केला होता.

धडा मात्र मिळाला. घडून गेल्यावर कशाचाही अर्थ लावता येतो. जे होणार ते आधी सांगावे लागते.

शनिवारी जिना चढता चढता पुतणीने खात्याचा पासवर्ड बदलला, आईच्या टॅबलेटवर नवा घालून दिला, आत जाऊन तो नेहमीप्रमाणे टीव्हीला जोडला, आणि आईशेजारी बसली. मध्यस्थाने प्रश्न उच्चारला. हात वर केला. मान झुकवली. गोलात राखाडी तसेच राहिले. त्याने पुन्हा मान झुकवली. तिसऱ्यांदा तो इतका वेळ वाकून राहिला की पहिल्या रांगेला तो ध्यानात गेल्यासारखा वाटला. मला त्याचे बोट दिसत होते. ते चुकीच्या कुलपावर आपटत होते.

"आत्मा क्षुब्ध आहे," तो शेवटी म्हणाला. "सभेत अविश्वासी माणसं आहेत." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. कारकुनाने खुर्ची आणखी सरकवली.

पुतणी उठली. ती वर्गाशी बोलते त्या आवाजात म्हणाली की आत्मा क्षुब्ध नाही, पासवर्ड बदललाय, आणि तो तिने बदललाय. राखाडी चित्रही तिनेच लावले होते, बुधवारी, काकांच्या घरी. मग तिने टीव्हीला जोडलेला आईचा टॅबलेट हातात घेतला आणि म्हणाली, "आता मी काय करणार ते आधी सांगते. यांनी डोळे मिटलेला फोटो लावला होता ना, तोच उघडते. पण कापलेला नाही, अख्खा."

टीव्हीवर फोटो उघडला. तो चौकोनी होता आणि गोलापेक्षा बराच मोठा. मधोमध माझा भाऊ, डोळे घट्ट मिटलेला. पण कापलेल्या गोलात फक्त डोळे होते. अख्ख्या चित्रात तोंडही होते, आणि ते तोंड वासून हसत होते. खांदे हलल्याने धूसर झाले होते. डाव्या कडेला उजेड परतवणारी पांढरी फळी धरलेला एक हात आत आला होता, मनगटात पातळ काळा पट्टा असलेले घड्याळ होते.

वहिनी उभ्या राहिल्या. त्या टीव्हीच्या इतक्या जवळ गेल्या की मागच्यांना दिसेना.

"हा माझा हात आहे," त्या म्हणाल्या.

त्यांना आठवायला वेळ लागला, आणि सभागृहाने तो दिला. मग त्या भिंतीकडेच पाहत म्हणाल्या, "मी फळी धरून उभी होते. हे पोट आत घेऊन बसले होते. मी म्हटलं, अहो, पोट कशाला आत घेताय, पासपोर्टात पोट येत नाही. तेवढ्यात टायमरवरचं क्लिक झालं."

त्या मिटलेल्या डोळ्यांत नकार नव्हता. तो बायकोच्या थट्टेला हसलेला नवरा होता. त्या हसण्याचे ओठ कापून टाकून, उरलेल्या पापण्यांनी एका बाईला मरणाकडे पाठवण्यात आले होते.

मध्यस्थ अजूनही हरला नव्हता. तो मृदू स्वरात म्हणाला, "ताई, बघा, त्यांनी आपल्या लेकीच्या हातून तुम्हाला हे दाखवलं. त्यांनीच तिच्या बोटाचा आधार घेतला."

वहिनींनी पुतणीकडून टॅबलेट मागून घेतला. कुठे दाबायचे ते विचारले. पुतणीने दाखवले, हात लावला नाही. वहिनींनी फोटो निवडला, पडद्यावर आलेले वर्तुळ बोटाने कडेकडे ओढत नेले, भावाचे हसणे आणि फळी धरलेला तो हात दोन्ही आत येईपर्यंत, आणि मग मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले की आता मी हा लावते. लावला. टीव्हीवर राखाडी गेले आणि ते दोघे आले. दुसऱ्या रांगेतल्या बाईंच्या फोनवर आले. मग मधल्या रांगेत, मग खिडकीत. तीच लाट, तोच विलंब, तोच चमत्कार, फक्त या वेळी बोट सगळ्यांना दिसत होते.

वहिनी मध्यस्थाकडे वळल्या. "बोट माझं आहे," त्या म्हणाल्या. "आणि गाठही माझीच."

त्या जिना उतरून गेल्या. पुतणी त्यांच्या मागे गेली. सभागृहातले काही जण फळीकडे धावले आणि आपापल्या बरण्या शोधू लागले. काही जण बसूनच राहिले. त्यांना पुढची सभा कधी, हे विचारायचे होते. त्यांच्यावर मी रागावू शकत नाही. त्यांचीही पाच मिनिटे आहेत.

शस्त्रक्रिया पुढच्याच आठवड्यात झाली. वहिनी बऱ्या आहेत. डॉक्टरबाईंनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितले की पहिल्या तारखेला केवळ गाठ काढून भागले असते. आता सगळे काढावे लागले, काखेपर्यंत. मध्यस्थाने आयुष्यात शेकडो चित्रे बदलली, आणि ती सगळी एका बोटाने परत बदलता आली. त्याने खरोखर, कायमची बदललेली गोष्ट एकच, आणि ती माझ्या वहिनींच्या अंगावर आहे. तो आता कुठल्याशा दुसऱ्या गावी असल्याचे ऐकतो, आणि तिथेही बरण्या विकत मिळत असतील.

म्हणून लिहितो. तुमच्या गेलेल्या माणसाचे खाते उघडे असेल तर आजच त्याचा पासवर्ड बदला आणि तो कोणालाही देऊ नका, दुःख वाटून घेणाऱ्याला तर मुळीच नाही. उद्या तुमच्यापुढे एखादा चमत्कार आला तर हात जोडण्यापूर्वी ते हात थोडे वापरून पाहा. हे मला करता येते का, असे विचारा. करणाऱ्याला आधी सांगायला लावा, आणि मग त्याची साधने काढून घेऊन पुन्हा करायला लावा. चित्र कापलेले असेल तर अख्खे मागा. शरीराचे प्रश्न शरीर शिकलेल्या माणसाला विचारा. आणि गेलेल्या माणसाची आठवण येते तेव्हा ती मनसोक्त येऊ द्या. तिला मध्यस्थ लागत नाही.